पाचवा कागद

लग्नपत्रिकेतल्या गणपतीसाठी आत्याबाईंनी अकरा लाल नापसंत केले, तेव्हा श्रीपादने बारावा स्वतः तयार केला आणि वैतागून संगणकात त्याचं नावही 'आत्याबाई' ठेवलं. नवरदेवाची ही आत्या तीन दिवस त्याच्या डीटीपीच्या दुकानात ठाण मांडून होती.

आज छपाईआधी त्याने दर रंगाला एक कागद असे रंग वेगळे करून पाहिले, तर प्रिंटरमधून चारऐवजी पाच कागद आले. नवा लाल छपाईच्या नेहमीच्या चार रंगांत मिसळलाच नव्हता. पाचव्या कागदावर नुसता गणपती आणि खाली ते नाव. श्रीपादचा हात पोचण्याआधी कागद आत्याबाईंनी उचलला. बाराशे पत्रिकांचं काम गेलं, हे त्याने मनोमन गृहीत धरलं.

"हे माझं नाव?"

"रंगाचं आहे. तुमच्यावरून ठेवलं," तो पुटपुटला.

"दादाने निमंत्रकांत सगळे भाऊ घातले, मला वगळलं," कागदाची घडी पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या. "कुठेतरी छापून आले म्हणायचं."

श्रीपादने तो लाल चार रंगांत मिसळला. मग निमंत्रकांची यादी उघडली. "शेवटच्या भावाखाली एक ओळ बसतेय. पूर्ण नाव सांगा."

"दादाला विचारायला हवं ना?"

"दादा रंग बघायला आले होते का?"

आत्याबाईंनी नाव सांगितलं.

"मिसळल्यावर गणपती जरा विटकरी दिसतोय," श्रीपाद भीत भीत म्हणाला.

"दिसू दे की," पडद्यावरच्या आपल्या नावावरून नजर न हलवता त्या म्हणाल्या. "लाल तो लालच."