हाकेला ओ

डोंगर कसले, टेकड्याच त्या; एका धारेवर शिंकलं तर समोरच्या धारेवर ऐकू जायचं. तिथली पायवाट न् पायवाट त्यानेच दाखवली, म्हणून भटकंतीची सगळी मंडळी त्याला 'होकायंत्र' म्हणायची. अलीकडे मात्र त्याचा गुडघा कुरकुरायचा आणि साऱ्यांना त्याच्यासाठी थांबावं लागायचं.

"आज कुणीच जात नाहीये हो," सकाळी गुडघ्याला तेल चोळून देताना बायको म्हणाली. "मी जरा ताईकडे जाऊन येते." उन्हाला असू दे म्हणून त्याची पिवळी टोपी घालून ती निघाली.

घरात करमेना. काठी टेकत टेकत तो एकटाच सगळ्यात बुटक्या टेकडीवर जाऊन बसला. तेवढ्यात समोरच्या धारेवरून हाळी आली, "कूऽऽ हो!" ती त्यानेच शिकवलेली. नियमही त्याचाच: हाळी ऐकली की ओ द्यायची, म्हणजे कुणी मागे राहत नाही.

सवयीने त्याने ओ दिली.

समोरून चाललेली माणसांची रांग थबकली. मग सगळेच्या सगळे झटकन झुडपांआड बसले.

सगळ्यात आधी बसली ती पिवळी टोपी.