साळूबाईची ओळ

“ह्या ओळीत काम कुणी केलं?” बियाणे कंपनीच्या साहेबानं विचारलं.

कपाशीच्या प्लॉटात बारा बायका एकमेकींकडं बघत उभ्या होत्या. साहेब पुन्हा एकदा ओळीतून चालत गेला, दोरा बांधलेली बोंडं मोजत. बाकीच्या ओळींत निम्मी बोंडं गळून गेली होती. ह्या ओळीत शंभरातली ऐंशी धरली होती.

नंदाबाईनं शेजारच्या साळूबाईला कोपरानं ढोसलं. साळूबाईनं पदर पुढं ओढला.

“समद्यांनीच केलं, सायब,” ती म्हणाली.

“हिनंच केलं,” नंदाबाई म्हणाली. “अकरा वर्सं झाले, हीच करून राह्यली.”

साहेब साळूबाईसमोर येऊन थांबला. “मावशी, पुढच्या हंगामात परतूरकडं आपले वीस प्लॉट आहेत. तिकडच्या बायकांना हे काम शिकवायला माणूस पाहिजे. शिकवाल?”

शिकवीन, असंच साळूबाईला म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच.

“मला कुठं येतंय, सायब. अडाणी बाई मी. हात चालतो तेवढंच.”

शेताचे मालक काकासाहेब बांधावर उभे होते. ते हसले. “बराबर बोलली. ह्यांचं काय घेऊन बसलात? आमच्या मच्छिंद्रला घ्या. पुतण्या आहे माझा. बारावी झालाय.”

साहेबानं क्षणभर वाट पाहिली. साळूबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मग त्यानं वहीत मच्छिंद्रचं नाव लिहिलं आणि जीप धूळ उडवत निघून गेली.

“कुणी काही म्हणायच्या आधी तूच सोताला मोडून ठिवतीस,” नंदाबाई म्हणाली. “दुसऱ्याला कामच ठिवत न्हाईस.”

साळूबाईला नंदाबाईचा राग आला नव्हता. राग त्या शब्दांचा होता. रेशनच्या दुकानात, शाळेत, लेकीच्या सासरी, कुठंही कुणी काही विचारलं की ते शब्द तिच्या आधी पुढं जाऊन उभे राहायचे.

काकासाहेबांनी पुतण्याला हाक मारली. “मच्छिंद्र, ह्या नव्या बायकांना दाखव आता. जल्दी कर, ऊन कलायलंय.”

तीर्थपुरीहून त्या सकाळीच आणखी आठ बायका कामाला आल्या होत्या. काम दिसायला सोपं होतं. उद्या फुलणारी कळी आज दुपारी सोलायची, आतले पराग काढून टाकायचे, मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची. उद्या सकाळी त्या दांडीवर दुसऱ्या फुलाचे पराग लावायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. दांडी मोडली की बोंड गेलं.

मच्छिंद्रनं कळी अंगठ्यानं दाबून ओढली. सालाबरोबर दांडीही तुटून आली. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. “असं,” तो म्हणाला आणि पुढच्या झाडाकडं गेला. बायका तसंच करू लागल्या.

साळूबाई दोन ओळी पलीकडं होती. तिचे हात चालत होते, डोळे तिकडं होते. एक मोडली. अजून एक.

त्या आठ जणींत सगळ्यांत लहान उषाबाई होती. सातवी कळी मोडल्यावर ती हात झटकून उभी राहिली. “माझ्यानं न्हाई व्हायचं हे. माझ्या हातालाच गुण न्हाई.”

साळूबाईचा हात थांबला. ती झाडं बाजूला सारत नव्या बायकांपाशी आली.

“मला काई कळत न्हाई, पण...”

“पणच्या आधीचं गिळ,” मागून नंदाबाई म्हणाली.

साळूबाईनं खरंच आवंढा गिळला. उषाबाईकडं पाहत म्हणाली, “तुझ्या हातात काई खोट न्हाई. तुला दाखवलंच चुकीचं.”

मच्छिंद्रचा चेहरा उतरला. बांधावरून काकासाहेबांचा आवाज आला, “साळू, तू तुझी ओळ बघ.”

वळून जावं असं साळूबाईला एकदा वाटलंही.

“बघते, मालक. पर कळ्या तुमच्याच हायेत. वीस मोडल्या आतापस्तोर.”

काकासाहेब बांधावरून वाकून मोडलेल्या कळ्यांकडं बघू लागले.

साळूबाईनं उषाबाईचा अंगठा धरून कळीवर टेकवला. “नख आडवं धर. देठाकडून घाल. खोल न्हाई, सालाखालून. आता फिरव.”

साल गोल फिरून एका तुकड्यात हातात आलं. पांढुरकी दांडी सरळ उभी राहिली. उषाबाई त्या दांडीकडं बघतच राहिली. बाकीच्या बायकाही भोवती गोळा झाल्या.

“तुमाला कुणी शिकवलं, मावशी?” उषाबाईनं विचारलं.

“कुणी न्हाई.” साळूबाई थांबली. “मीच शिकले. पह्यल्या वर्सी लई मोडल्या.”

तिचा आवाज चिडकाच राहिला. जीप एव्हाना परतूरला पोहोचली असेल. वहीतलं नाव काही पुसलं जाणार नव्हतं. तिनं दुसरी कळी धरली, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी नख कुठं टेकवायचं ते मोठ्यानं सांगत गेली. कुणाचा हात चुकला की ती रागावत होती आणि पुन्हा दाखवत होती.

थोड्या वेळानं बायकांच्या मागं मच्छिंद्र येऊन उभा राहिला. टाचा उंचावून, माना चुकवून तो तिच्या हातांकडं बघत होता. साळूबाईनं त्याला पाहिलं. चार कळ्या होईपर्यंत तिनं त्याला तसंच उभं राहू दिलं.

“मागून न्हाई दिसायचं, मच्छिंद्रदादा,” मग ती म्हणाली. “फुडं या. आन् आधी अंगठ्याचं नख वाढवा.”