अंगदचे वाळे

अंगदनं आईला एका शब्दानं विचारलं नाही, हे छबुबाईला अजून सलत होतं.

"प्लॉट विकला तवा विचारलं न्हाई. शेअरात पैसा घातला तवा न्हाई. फुडं जे केलं ते बी स्वतःच्याच मनानं," ती चहा गाळता गाळता सुनेला म्हणाली. "माय घरात हाय का मेली, ह्याची तरी चौकशी करावी माणसानं."

तेजश्रीनं कप पुढं सरकवले. बोलून उपयोग नव्हता, हे तिला पाठ झालं होतं.

छबुबाईनं तीन कप भरले. तिसरा अंगदच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला. "पी," म्हणाली आणि बाहेर आली. तासाभरानं तेजश्रीनं तो साय धरलेला कप तसाच उचलून आणला आणि मोरीत ओतला. रोजचंच झालं होतं.

बाजार पाच महिने पडतच होता. अंबाजोगाई रस्त्यावरचा प्लॉट विकून घातलेला पैसा निम्म्याच्याही खाली आला होता. सुरुवातीला अंगद आईला समजावून सांगायचा, "माय, पडल्यावर घाबरायचं नसतं. थांबायचं असतं. जो थांबतो तो सावरतो." पुढं त्याचं बोलणं कमी होत गेलं. मग बंदच झालं.

मोबाइल मात्र बंद झाला नव्हता. सव्वानऊला बाजार उघडला की तो खोलीत टुंग टुंग वाजायचा.

"बंद कर की ते," छबुबाई ओरडायची.

तेजश्री बंद करायची नाही. उलट संध्याकाळी आठवणीनं चार्जिंगला लावायची.

शेअर पडले तशी चांदी चढत निघाली होती. आणि छबुबाईला चांदी लागणार होती. अक्षय तृतीयेला ती घरात आलीच पाहिजे, असं तिची थोरली जाऊ साखराबाई दोनदा येऊन बजावून गेली होती.

"आत्या, आज तरी जायचं का बजरंग सोनाराकडं?" तेजश्रीनं विचारलं.

"थांब. उतरंल भाव."

"दोन महिने झाले थांबून. रोज वाढायलीय."

"तुझ्या नवऱ्यानंच शिकवलंय मला. थांबायचं असतं."

तेजश्री उठून परसात गेली आणि बराच वेळ आली नाही.

छबुबाई दुसरी शिकलेली. तिला भाव तारखेनं आठवत नसत, माणसांवरून आठवत. ती लग्न होऊन आली तेव्हा जोडवी तीस रुपये तोळ्यानं झाली. अंगद जन्मला तेव्हा त्याच्या वाळ्यांना पन्नासचा भाव पडला. नवरा, अर्जुनराव, गेला आणि रीतीप्रमाणं त्याच्या नावाचा टाक घडवून देवघरात बसवला, त्या साली साडेपाचशे. आता अडीच हजाराच्या वर. एवढ्या भावानं काही घ्यायची तिची छाती होत नव्हती.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी मात्र जावंच लागलं.

घाटनांदूरच्या पेठेत बजरंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी बायकोचे तोडे विकायला आलेलं, कुणी चांदीची वीट घ्यायला. रिटायर मास्तर मोहनराव पिशवी कवटाळून उभे होते.

"शेअर सगळे काढून टाकले वहिनी. तोटा झाला, होऊ द्या. आता सगळा पैसा चांदीत."

"शेअर चढले तवा शेअर घेतले. चांदी चढली आता चांदी घ्यायले. उद्या गवऱ्या चढल्या तर त्या बी घरात रचून ठेवाल, मास्तर."

दुकान हसलं. मोहनरावही हसले, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे मान खाली घालून पिशवी घेऊन बाहेर पडले.

बजरंग हसला नव्हता. त्यानं दोन गिऱ्हाइकांना उठवून छबुबाईला स्टूल दिलं. "काकू, तुमच्याकडून घडणावळ घ्यायची न्हाई मी."

"कावून? आमी भीक मागाया आलोत का? घ्यायची घडणावळ. पुरी घ्यायची."

तिनं पदराची गाठ सोडली. आतून लहान लेकराचे वाळे निघाले, काळवंडलेले, घुंगरांचे.

शेजारचा एक जण वाकून बघायला लागला. "मोडा मोडा, मावशी. असा भाव पुन्हा न्हाई यायचा."

"तुला विचारलं का रे?"

बजरंग हळूच म्हणाला, "काकू, हे राहू द्या. मी नवी चांदी लावतो. पैशाचं बघू मागून."

"नवी चांदी लई महाग झालीय. हेच आटव."

तेजश्रीनं झटकन एक वाळा उचलून मुठीत धरला. "आत्या, हे नका देऊ. एवढंच तर उरलंय."

"सोड."

ती सोडेना. छबुबाईनं तिची बोटं एकेक करून उघडली आणि वाळा तराजूत ठेवला. दोन्ही मिळून तीन तोळे भरले.

वाळे मुशीत गेले. बारकी घुंगरं आधी वितळली. छबुबाई पापणी न हलवता बघत राहिली.

"उद्या तीज हाय," ती उठताना म्हणाली. "सकाळी पाठव."

तिजेच्या सकाळी तिनं दोनच कप चहा केला. तेजश्रीनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बजरंगनं पाठवलेली कागदाची पुडी छबुबाईनं देवघरापुढं बसून उघडली. अर्जुनरावांचा टाक तिनं थोडा बाजूला सरकवला, शेजारी मूठभर तांदूळ ठेवले, त्यावर नवा टाक मांडला आणि त्याला गंध लावलं.

"पडल्यावर थांबायचं असतं, असं मला शिकवत होतास न्हवं, अंगद?" ती त्या टाकाला म्हणाली. "तूच थांबला न्हाईस."