नालोंगोची मुलं

शाळेच्या फाटकाशी एकटा वास्वा उभा होता. एका खांद्यावर त्याचं दप्तर, दुसऱ्यावर त्याच्या जुळ्या भावाचं, काटोचं.

नालोंगो मोटरसायकलवरून उतरली. पाठीशी बांधलेला किझ्झा लस टोचून घेतल्यापासून हुंदके देत होता.

"काटो कुठाय?"

"कोठीत. आतून कडी लावून बसलाय." वास्वा तिच्याकडे बघत नव्हता. "आई, मामा आला होता."

"कुठला मामा? मला भाऊ तरी आहे का?"

राखणदार ओक्विर टोपी काढून पुढे आला. "रागावू नका. मी त्याला असंच कसं आत सोडीन? म्हटलं, आधी पोरांची नावं सांग. त्याने धडाधड सांगितली. वास्वा, काटो, त्यांच्या पाठचा किझ्झा. वर म्हणाला, किझ्झाला घेऊन ताई दवाखान्यात अडकलीय, रांग मोठी आहे, म्हणून मला धाडलं. आता परका माणूस हे सांगेल का?"

"मी कुठे गेले ते तर मी कोणालाच..."

ती थांबली. रांगेत बसल्याबसल्या तिने फोनवरून आपल्या पानावर फोटो टाकला होता. किझ्झाचा दंड, त्यावर कापूस. खाली लिहिलं होतं, आमच्या शिपायाला अजून तासभर थांबायचंय.

पण नावं? नावं तिने कधीच लिहिली नव्हती. फोटोतल्या चेहऱ्यांवरही ती न चुकता फुलं चिकटवायची.

"शाळेच्या मोठ्या बाई पोलीस चौकीवर गेल्यात," ओक्विर म्हणाला. "तुम्ही जरा बसा, नालोंगो."

नालोंगो. जुळ्यांची आई. मुकोनो गावात तिला दुसऱ्या नावाने कोणी हाकच मारत नव्हतं. ती शिवत असलेल्या झग्यांचे फोटो ज्या पानावर टाकायची, त्याच्या माथ्यावरही तिने मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं होतं. जुळे मुलगे असले की पहिला वास्वा, दुसरा काटो, पाठचा किझ्झा. ही नावं तिने थोडीच ठेवली होती? अख्ख्या बुगांडात ती जन्माआधीच ठरलेली असतात. चेहरे फुलांनी झाकले, आणि नावं दुकानाच्या पाटीवर टांगली.

तिने फाटकाचा गज धरला. "तू गेलास त्याच्याबरोबर?"

"थोडासाच. रस्त्यापर्यंत." वास्वाचा आवाज बारीक झाला. "त्याने फोनवर तुझा आवाज ऐकवला. 'चला माझ्या राजांनो, या लवकर.' काटो म्हणाला, हे तू टाकलेल्या वाढदिवसाच्या व्हिडिओतलं आहे, मागे टाळ्या ऐकू येतायत. मग त्याने त्या माणसाचा हात चावला आणि पळाला. मी पण सुटलो."

कोठी स्वयंपाकघराच्या मागे होती. आत मक्याच्या पिठाची पोती. खिडकी नाही. तिने दारावर हात ठेवला.

"काटो, मी आलेय. आई."

तिने दार लोटून पाहिलं.

"बाळा, आवाज ओळखत नाहीस माझा?"

"आवाज त्याच्याकडे पण होता."

"अरे मूर्खा, खरंच आई आहे!" वास्वा ओरडला. "मी सांगतोय ना!"

"तू तर त्याच्याबरोबर पण निघाला होतास."

वास्वाने तोंड फिरवलं.

"मग काय सांगू तुला?" नालोंगोने विचारलं.

"त्याला माहीत नाही असं काहीतरी सांग."

ती बोलायला गेली. पडलेला दात त्याने कोंबडीला भरवला होता, ते? टाकलं होतं, लोक पोट धरून हसले होते. काळ्या बोकडाला त्याने ठेवलेलं नाव? तेही टाकलं होतं. अंधारात लागणारी भीती, फणसाच्या झाडावरून पडल्याची खूण, झोपेत म्हणतो ती प्रार्थना. एकेक गोष्ट घशापर्यंत येत होती आणि तिथेच तिला तिच्याखालची हसरी तोंडं आणि अंगठे दिसत होते.

बाहेर रस्त्यावर एक मोटरसायकल हळू झाली. ओक्विरने धावत जाऊन फाटक ओढून घेतलं. नालोंगोने वास्वाला स्वतःच्या आणि दाराच्या मधे घेतलं. मोटरसायकल थांबली की पुढे गेली, ते पटकन कळलं नाही. मग आवाज विरत गेला.

किझ्झाला पाठीवर घेऊनच नालोंगो जमिनीवर आडवी झाली आणि दाराखालच्या फटीतून उजव्या हाताची बोटं आत सरकवली. सुईने चाळण झालेली बोटं. झग्यांचे फोटो काढताना ही बोटं त्यांत येऊ नयेत म्हणून ती फार जपायची.

मग पिठाने माखलेलं एक लहान बोट तिच्या तर्जनीला लागलं. टोकावरचा खरखरीतपणा त्याने चाचपला. अंगठ्याकडे गेलं. परत तर्जनीवर आलं.

"बघितलंस?" ती कुजबुजली. "उघड आता."

बोट मागे गेलं. पोतं सरकल्याचा आवाज आला. कडी वाजली नाही.

"आता दुसरा हात पण," आतून काटो म्हणाला.