आर्किटेक्ट लाझारचं वळण

नगराध्यक्ष ग्रोझ्दान यांचं भाषण वळणापाशी पोहोचेपर्यंत नेवेनाच्या हातातलं पातेलं जड झालं होतं.

"अख्खं गाव त्यांनी सरळ रेघेत मांडलं," नगराध्यक्ष कबरीकडे हात करून म्हणाले. "पूल, शाळा, बाजार, बारा इमारती. पण चर्चपाशी आल्यावर त्यांनी रस्त्याला हळूच एक वळण दिलं. वळलं की घुमट एकदम समोर! राजधानीतून, सोफियाहून विद्यार्थी येतात बघायला. आजपासून ते 'आर्किटेक्ट लाझारचं वळण'." पितळी पाटी त्यांच्या गाडीत तयार होती.

लाझार दोब्रेव वारला त्याला चाळीस दिवस झाले होते. माणूस गावाला खरंच हवाहवासा. घर बांधताना खिडकी कुठे ठेवू, असं कुणी विचारलं तर जेवण सोडून उठायचा आणि बघायला जायचा. म्हणून स्मशानात एवढी गर्दी. पाद्र्याने कबरीवर वाइन ओतली आणि नेवेना नवऱ्याच्या नावाचा उकडलेला गहू वाटू लागली. साखर घातलेला हा गहू घेताना आमच्याकडे आभार मानत नाहीत. "देव त्याला क्षमा करो," एवढं म्हणायचं आणि खायचं. सत्तर-ऐंशी जणांनी म्हटलं. कुणी मनापासून, कुणी तोंड भरलेलं असताना.

सगळ्यांच्या शेवटी काठी टेकत वेलिका आली. वय अठ्ठ्याऐंशी. या कार्याला बोलावणं नसतं. घराच्या दारावर मेलेल्या माणसाचा फोटो छापलेला कागद चिकटवतात, तो वाचून यायचं असेल त्याने यायचं. वेलिका येईल असं मात्र कुणालाही वाटलं नव्हतं. आज जिथे ते वळण आहे, तिथे तिचं घर होतं, अंगण होतं, द्राक्षाचा मांडव होता. ते पाडल्यावर तिला आणि नवऱ्याला आठव्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. दुसऱ्याच हिवाळ्यात तो गेला. शवपेटी लिफ्टमध्ये मावेना, ती उभी करून जिन्याने खाली आणावी लागली. तेव्हापासून एक्कावन्न वर्षं, समोरून लाझार आला की वेलिका रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

आणि शेवटच्या आठवड्यात लाझारने अंथरुणावरून दोनदा विचारलं होतं, "माझ्या गव्हाला वेलिका येईल का गं?" दुसरं काहीच मागितलं नव्हतं त्याने.

नेवेनाने गव्हाचा पेला तिच्यापुढे धरला. वेलिकाने तो घेतला. सावकाश, एकेक दाणा चावत सगळा संपवला. बोलली काहीच नाही.

"आजी, म्हणा की," नगराध्यक्ष म्हणाले. "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. मी एक्कावन्न वर्षं खोळंबलेय." वेलिका नेवेनाकडे वळली. "साखर बेताची आहे, बरं केलंस. आता एवढं सांग. गावभर सरळ गेलेला तुझ्या नवऱ्याचा रस्ता माझ्याच दारात का वाकला?"

"घुमटासाठी, आजी. आत्ताच सांगितलं ना मी..."

"तू गप रे. तू तेव्हा पाळण्यात होतास."

घुमटासाठी, असं नेवेनालाही म्हणता आलं असतं. इतकी वर्षं सगळे तेच म्हणत आले होते. लाझार स्वतः मात्र कधीच म्हणाला नव्हता. कुणी त्या वळणाचं कौतुक केलं की तो मान खाली घालायचा, आणि लोकांना तो त्याचा विनय वाटायचा. नेवेनाने पातेलं कबरीच्या कठड्यावर ठेवलं.

"रेघ सरळच होती, काकू," ती म्हणाली. "आमच्या घरावरून जात होती. माझ्या वडिलांच्या. तेव्हा आमचं लग्न ठरलं होतं. त्याने नकाशा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि रडायलाच लागला. मी खोडरबर आणून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, पलीकडेही माणसं राहतात. मी म्हटलं, अलीकडेही राहतात. रेघ हलव, नाहीतर लग्न विसर. घुमट त्याच्या डोक्यात नव्हता. ते लोकांनी नंतर ठरवलं."

नगराध्यक्षांनी हातातल्या गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या.

नेवेना आजही त्याच घरात राहत होती. लाझारचा कागद त्याच दारावर लागला होता, आणि वेलिकाने तो तिथेच उभं राहून वाचला होता. आता ती काठीवर भार देऊन वाकली आणि कबरीच्या दगडावर हात ठेवला.

"देव तुला क्षमा करो, लाझार," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, अगदी मागच्यालाही ऐकू जाईल असं.

नेवेनाला रडू फुटलं. रिकामा पेला ठेवून वेलिका निघाली, तेव्हा तिने म्हातारीची बाही धरली.

"आणि मला, काकू?"

वेलिकाने तिची बोटं एकेक करून सोडवली.

"ते मेलेल्यांना म्हणतात, पोरी. तुझा कागद लागू दे दारावर. मी येईन."