मालकीणबाईंची सवलत

सासूबाई साबणाच्या फळीसमोरून मुकाट्यानं पुढे गेल्या, तेव्हाच सुनेला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

एरवी या स्वस्त दुकानात पाऊल टाकलं की बाईंच्या अंगात मालक संचारायचा. शिलाईच्या पैशांतून एकेक करून हे दुकान चालवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते त्यांनी. कंपनीच्या शाखा ढीगभर असतील, पण ही शाखा आपली खाजगी, असा त्यांचा पक्का समज. डबा उलटा दिसला की त्याचं नाव पुढे करायच्या. रिकाम्या कोपऱ्यात पंखा फिरताना दिसला की बटण बंद. आणि सवलत? छे, नावच काढू नका! अख्खं गाव जिच्यासाठी इथं रांग लावतं, ती सवलत बाई हात जोडून परत करायच्या. "आपल्याच गल्ल्यात हात घालू का गं?" असं वर विचारायच्या. थेंबे थेंबे तळे साचे, हेही ऐकवायच्या. काउंटरवरची मुलगी हसून बेजार व्हायची. दुकानातली सगळीच त्यांना मालकीणबाई म्हणायची, थट्टेनं आणि थोडं मायेनंही.

आज मात्र बाई गप्प.

"आई, साबण आडवेतिडवे पडलेत का? हाताला लागले माझ्या."

"असू देत. त्यांची माणसं आहेत, लावतील."

"त्यांची? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय! तू दांडा नीट धर."

सुनेला ट्रॉलीचा दांडा धरूनच चालावं लागायचं. एक डोळा कामातून गेलाच होता आणि दुसऱ्यात धुकं दाटलं होतं. सासूबाईंनी शिवायचं आणि हिनं काज-बटण करायचं, अशी दोघींची जोडी. पण आता सुई सोडाच, बोटंही धड दिसत नव्हती. परवा ऑपरेशन होतं. आणखी थांबलात तर हाही डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून सून तरीही थांबायलाच निघाली होती. वर सासूबाईंकडून स्वतःच्या गळ्याची शपथ घेववली होती, की शेअरना हात लावायचा नाही. घरात या दोघीच. म्हातारपणाची काठी म्हणून तेवढंच होतं.

मग एक दिवस सासूबाई हसत घरी आल्या. "माझ्या भावानं दिले गं पैसे. राहवलं नाही त्याला." मामा म्हणजे दुधावरची सायसुद्धा पाहुण्याला दिसू न देणारा माणूस. सुनेला नवल वाटलं होतं. पण संकटात कोण कसा धावून येईल सांगता येत नाही, असं म्हणून तिनं मनातल्या मनात मामांना शंभरदा हात जोडले होते.

काउंटरवर मुलीनं भराभर सामान पुढे ढकललं. "झालं, मालकीणबाई. सवलत नकोच ना?"

"लाव."

मुलीचा हात थांबला. "काय म्हणालात?"

"सवलत लाव म्हणते. सगळ्यांना लावतेस तशी."

"अगंबाई! सूर्य कुठं उगवला आज?" मुलगी खो खो हसली.

सून हसली नाही. तिनं ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

"आई, मामांनी पैसे दिलेच नाहीत ना?"

सासूबाई पिशवीत साखर भरत राहिल्या. "तो कसला देतोय! पाणी विचारलं, तेच पुष्कळ."

"शपथ घेतली होती तुम्ही. माझ्या गळ्याची."

"गळा शाबूत आहे ना तुझा? मग! डोळ्याचं कुठं बोललो होतो आपण?"

सुनेला हसूही आलं आणि रडूही, आणि त्यातलं रडू जिंकलं. मागे रांग होती, पण तिला कुठं दिसत होती! "माझ्या आईनंही केलं नसतं हो एवढं. कसे फेडू मी उपकार?"

"फेडायला मी काय सावकार आहे? डोळे पूस, परवा डॉक्टर रागावतील." मग सासूबाई काउंटरवरच्या मुलीकडे वळल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला. "तुझेही उपकार गं पोरी. मी शेअरचा नुसता कागद घेऊन घरी बसले. तुम्ही सगळी दिवसभर उभं राहून राबलात, म्हणून त्याचा भाव वाढला. कंपनीत कुणाला धन्यवाद द्यायचे ते मला ठाऊक नाही. तुला देते."

सवलत लावायची राहिलीच होती; ती मुलीनं आधी लावली. "आमचं कसलं आलंय, मालकीणबाई..."

"मालकीण कालपर्यंत. आजपासून गिऱ्हाईक." सासूबाईंनी पिशवी उचलली.

दाराजवळच्या शेवटच्या फळीवर एक डबा पाठ करून उभा होता. सासूबाईंचा हात आपसूक पुढे गेला आणि मधूनच मागे आला.

"का थांबलात?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. डबा उलटा आहे एक. चल."

सून हलली नाही. चाचपडत चाचपडत तिनं फळी शोधली, डबा शोधला आणि दोन्ही हातांनी हळूच फिरवला.

"आलं का नाव पुढे?"

डबा अर्धाच वळला होता. सासूबाईंनी तो तसाच राहू दिला.

"मी नाही सांगत. पट्टी निघाली की ये आणि तुझं तू बघ."