खरं, खोटं, खरं

बनुबाईंनी उसाचं कांडं टेबलावर आपटलं. आतून पोकळ, आंबूस वासाचं.

"माझ्या मागनं सा म्हयन्यानं लावलेल्यांची तोड झाली. माझा ऊस तुरं काढून उभा हाय. मी यादीत शेवटाला कशी रं, धुळा?"

साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात तोडणीच्या याद्या धुळाच लावायचा. त्याने शेजारी बसलेल्या ब्राह्मीकडे पाहिलं. कारकुनांना मराठीतच प्रोग्रॅम लिहिता यावेत म्हणून तिने चार वर्षांपूर्वी कराडात एक छोटी संगणकभाषा बनवली होती. आता अकरा कारखाने ती वापरत होते. तक्रार ऐकून आज ती स्वतःच आली होती.

तिने स्क्रीन आपल्याकडे वळवली. एकच ओळ होती.

रच(यादी, खरं, खोटं, खरं)

"मधलं 'खोटं' म्हणजे चढता क्रम नको. म्हणून यादी उलटी लागली, नवा ऊस आधी," ती म्हणाली. "मॅन्युअलमध्ये दिलंय की."

"मॅन्युअल कोण बघतंय, मॅडम? खरं टाकायचं, उलटं आलं की खोटं टाकायचं. ह्या टायमाला वरची नावं बघायची ऱ्हायली. सगळीच असंच करत्यात."

"आन् हे खरं-खोटं काढलं कुणी?" बनुबाईंनी विचारलं.

"मी," ब्राह्मी म्हणाली.

ब्राह्मीने पुन्हा ती ओळ वाचली. खरं काय, खोटं काय, कशाचाच पत्ता नाही. आटोपशीर म्हणून तिनेच ती चारचौघांत मिरवली होती.

"मावशी, यादी कशी लावायची, हे तुम्ही कसं सांगाल?"

"आधी लावला त्याचा आधी तोडा. त्यात काय सांगायचं?"

धुळाने बनुबाईंच्या रानात दुसऱ्या दिवशीची तोडणीची टोळी लावून दिली. पोकळ पडलेल्या उसाचं वजन घटलं होतं, ते काही परत येणार नव्हतं.

ब्राह्मीने तिथंच बसून लिहिलं.

रच(यादी, लागणीची_तारीख, जुनी_आधी)

जुनी ओळ लिहिली तर प्रोग्रॅम चालणारच नाही, असं तिने सगळ्याच कारखान्यांसाठी करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या दहा कारखान्यांतून फोन सुरू झाले. काम अडलं म्हणून कारकून चिडले होते. ती एकेकाला नवी ओळ सांगत गेली. शेवटचा फोन सांगलीकडचा. त्या कारकुनाने मुकाट्याने सगळं लिहून घेतलं. मग त्याने विचारलं,

"मॅडम, मग आमची यादी इतकी वर्सं कुठल्या बाजूनं लागत हुती?"